वाजवणारा, वाजवून घेणारा आणि ऐकणारा

लग्नसराईत एरंडोलच्या एखाद्या अरुंद गल्लीत रात्री पावणेदहाला वरात अडकते, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं असतं. मंडप दोनशे पावलांवर आहे. नवरदेवाच्या मित्रांना ही रात्र आयुष्यात पुन्हा मिळणार नाही, म्हणून ते बँडच्या गाडीसमोरून हलायला तयार नाहीत. ‘आखो एक वाजाडा’ (आणखी एक वाजवा) असं म्हणत कुणी काका नोट पुढे करतो. बँड मास्तरची नजर घड्याळावर असते, कारण दहानंतर वाजवलं तर गुन्हा त्याच्यावर दाखल होईल. कॅसिओवाला चार तास उभा आहे आणि गाणाऱ्याचा गळा बसत आला आहे. समोरच्या घरात म्हातारं माणूस आजारी आहे, शेजारच्या घरात दहावीची मुलगी पुस्तक मिटून बसली आहे. वधूपक्ष पंगतीसाठी खोळंबला आहे. एवढ्यात पोलिसांची गाडी येते. पुढे काय होतं, ते खान्देशात सगळ्यांना पाठ आहे. ‘आखो एक’ म्हणणारा काका गर्दीत मिसळून जातो आणि गाडीचा चालक, मास्तर किंवा डीजेचा मालक यांना ठाण्यात बोलावलं जातं. वाजवायचं की थांबायचं हे ज्याने ठरवलं तो घरी जातो, आणि ज्याने सांगितलेलं ऐकलं तो भुर्दंड भरतो.

प्रत्यक्ष वाजवण्या-गाण्याच्या धंद्यातले बहुतेक तंटे या एका विसंगतीतून जन्मतात, असं या लेखाचं म्हणणं आहे. आपण हे वाद आवडीनिवडीचे समजतो. जुन्या पिढीला सनई हवी, नव्या पिढीला डीजे. एकाला तमाशा कला वाटतो, दुसऱ्याला अश्लील. आवडी वेगळ्या असणारच, आणि त्या वेगळ्या असण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते निर्णय एकाच्या हाती आणि त्याची झळ दुसऱ्याच्या अंगाला, अशी घडी बसते तेव्हा. यात्रा, तमाशा, लग्नाचा बँड, डीजे, गाण्याचे हक्क अशा एकेका क्षेत्रातला वाद उलगडून पाहिला, तर प्रत्येक ठिकाणी हीच घडी दिसते. जिथे जिथे तंटा खरोखर मिटला, तिथे निर्णय आणि जबाबदारी एकाच माणसाकडे आलेली दिसते.

सुरुवात इतिहासापासून करायला हवी, कारण या धंद्यातली अबोल गृहीतकं तिथून आली आहेत. गावगाड्यात डफडं, हलगी, सनई वाजवणं हे अनेक ठिकाणी जातीने वाट्याला आलेलं काम होतं. मातंग आणि महार समाजावर ते विशेष लादलेलं होतं. लग्न असो, पोळा असो की मयत, वाजवायला यायचंच. मोबदला बलुत्याच्या धान्यात, तोही देणाऱ्याच्या मर्जीवर. दर ठरवण्याचा हक्क वाजवणाऱ्याला नव्हता आणि नाही म्हणण्याचा तर नव्हताच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशी हीन मानलेली गावकीची कामं सोडायला सांगितलं, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या बौद्ध समाजाने ती सोडली. त्यापायी काही गावांत बहिष्कारही सोसला. नंतर उभा राहिलेला पगारी बँडचा धंदा, गणवेश, ट्रम्पेट, ढोल-ताशा आणि आगाऊ सुपारी ही सगळी त्या जुन्या सक्तीपेक्षा फार पुढची पायरी होती. आता रक्कम आधी ठरते, विसार हाती पडतो, आणि तारीख दुसऱ्याला दिली असेल तर नकारही देता येतो. तरीही एक जुनी सवय उरली. वाजवणारा आला की त्याच्या वेळेवर, श्रमावर आणि अंगावर पैसे देणाऱ्याचा पूर्ण ताबा असतो, ही ती सवय. करार आला, पण त्यात फक्त रक्कम आणि तारीख आली.

सुपारी ठरताना प्रत्यक्ष काय बोललं जातं ते पाहिलं, की पुढचे तंटे कुठे दडले आहेत ते कळतं. गाव, तिथी, रक्कम, विसार, किती माणसं येणार, गाडी कोणती, एवढं ठरतं. वरात किती वाजता निघणार हे सांगितलं जातं, पण ती दोन तास उशिरा निघाली तर काय, हे कुणी विचारत नाही. किती वेळ वाजवायचं, जेवण कुठे, परवाना कुणी काढायचा, बायका कलावंत असतील तर त्यांना कपडे बदलायला बंद खोली आहे का, नाचणाऱ्याने दारू पिऊन ढोल फोडला तर भरपाई कुणाची, पाऊस आला किंवा गावात मयत झालं तर विसाराचं काय, हे सगळं ‘बघू तेव्हा’वर सोडलं जातं. ते ‘तेव्हा’ येतं रात्री, शेकडो माणसांसमोर, अर्धे लोक उत्साहात आणि काही नशेत असताना. अशा वेळी न्यायाने काही ठरत नाही. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याची माणसं जास्त, त्याचं चालतं. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत यात्रा आणि लग्नाचे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा घेतलेल्या विसाराचं काय करायचं याचं उत्तर कुणाच्याच जुन्या बोलणीत नव्हतं.

तमाशात तर ही साखळी आणखी लांब आहे. हंगाम सुरू होण्याआधी फडमालक कलावंतांना उचल देतो. ती द्यायला त्याला स्वतःला अनेकदा व्याजाने पैसे उचलावे लागतात. मग गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येतात, यात्रेच्या तारखा ठरतात. यात्रा कमिटी गावात वर्गणी गोळा करून सुपारी देते. म्हणजे सावकार, मालक, कलावंत, कमिटी आणि वर्गणीदार अशी पाच पदरांची देणी एका रात्रीच्या खेळावर टांगलेली असतात. ती रात्र पावसाने, भांडणाने किंवा पोलिसांच्या आदेशाने वाया गेली, तर कमिटी उरलेले पैसे अडवते, मालकाचं व्याज चालूच राहतं आणि कलावंताची उचल पुढच्या हंगामात फिरते. पैसा वरून खाली आला आणि तोटाही वरून खाली आला. सर्वांत खाली जो उभा आहे, त्याच्या हाती मात्र त्या रात्रीचा एकही निर्णय नव्हता.

तमाशाच्या वेळेचा वाद या दृष्टीने नीट समजून घ्यायला हवा. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग अशी पारंपरिक तमाशाची रचना रात्रभराच्या खेळासाठी झाली. वग उभा राहायचा मध्यरात्रीनंतर, आणि कलावंताचा खरा कस तिथे लागायचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी झाली. २०१० च्या दुरुस्तीने ही बंदी वाद्यांनाही लागू झाली, म्हणजे दहानंतर नुसता ढोलही बेकायदा. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही सूट मान्य केली, ती मर्यादित आहे म्हणूनच. हे पंधरा दिवस मोठ्या सामाईक उत्सवांत संपतात. खान्देशातली यात्रा मात्र गावागणिक वेगळ्या तिथीला येते, त्यामुळे प्रत्येक गावाचा यात्रेचा दिवस त्या यादीत बसणं शक्य नाही. परिणाम असा झाला की वग आक्रसला आणि गाणी उरली. मग तमाशात नुसती फिल्मी गाणी राहिली म्हणून लोक कलावंतांना नावं ठेवू लागले. वेळ कायद्याने कापली, खेळ उशिरा सुरू केला पुढाऱ्यांच्या सत्कारांनी, आणि कला पातळ झाल्याचा ठपका आला कलावंतावर.

यावर ‘मग कायदाच चुकीचा’ असं म्हणणं सोपं आहे, पण ऐकणाऱ्याची बाजू हलकी नाही. ज्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ चा निकाल दिला, तिच्यामागे एक घटना होती. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार होत असताना तिच्या हाका परिसरातल्या ध्वनिवर्धकांच्या आवाजात बुडून गेल्या. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण नको असलेल्या माणसाच्या कानात आवाज कोंबण्याचा हक्क कुणालाही नाही, ही त्या निकालाची भूमिका आहे आणि ती न्यायाची आहे. मिरवणुकीतला माणूस आवाज निवडून आलेला असतो. घरातल्याला निवड नसते. आजारी, बाळंतीण, पहाटे शेतावर जाणारा, रात्रपाळी करून आलेला, यांच्यापैकी कुणी सुपारीच्या बोलणीत नव्हता. तरी त्या बोलणीचा परिणाम त्यांच्याच घरात शिरतो. या धंद्यातला सर्वांत दुर्लक्षित पक्ष तोच आहे.

आकडे पाहिले तर हा वाद किती खोल आहे ते दिसतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक असेल तर त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते चालतं. म्हणजे निवासी गल्लीत दिवसाही ६५. आता स्पीकरच्या भिंतीपासून एक मीटरवर ११० डेसिबल आवाज आहे असं धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने १६ मीटरवर तो ८६ आणि ३२ मीटरवर ८० उरतो. गल्लीत भिंतींवरून आवाज परततो, म्हणून तिथे तो इतकाही उतरत नाही. अर्थ उघड आहे: वस्तीतून जाणारी डीजेची गाडी कायद्याच्या मर्यादेत बसूच शकत नाही, मग घड्याळात संध्याकाळचे सात वाजलेले का असेनात. आणि हाच आवाज वाजवणाऱ्यालाही खातो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हा कानाच्या सुरक्षिततेचा प्रचलित निकष आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. वरात चालते तीन-चार तास, आणि गाडीवरच्या मुलाच्या कानात कापसाचा बोळाही नसतो. ‘दहा वाजता बंद’ या एकाच रेषेवर आपण भांडत राहतो, पण आवाज किती, वेग किती, दवाखान्यासमोर काय, हे प्रश्न दहाच्या आधीचे आहेत.

न्यायालयांनी या प्रश्नात पुन्हा पुन्हा हात घातला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर नियमांच्या अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये ध्वनी-प्रकाश व्यावसायिकांच्या संघटनेने विसर्जन मिरवणुकीत डीजेला परवानगी मागितली, तेव्हा न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगून न्यायालयाने पोलिसांना पायऱ्या आखून दिल्या: आधी समज, मग दंड, मग यंत्रसामग्रीची जप्ती. तक्रारदाराचं नाव उघड करू नये असंही बजावलं. गावात तक्रार करणाऱ्याला पुढची दहा वर्षं त्याच गल्लीत राहायचं असतं, म्हणून हा शेवटचा आदेश फार मोलाचा आहे. पण लग्नाच्या मिरवणुकीत यंत्रसामग्री बहुधा भाड्याने आणलेली असते. ती जप्त झाली तर डीजेवाल्याच्या पुढच्या सगळ्या तारखा बुडतात, कर्जाचा हप्ता थकतो, हाताखालच्या पोरांची रोजी जाते. मिरवणूक काढणाऱ्याचं काहीच जात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. वाजवणारा संन्याशाइतका निर्दोष नसेल, आवाज वाढवण्याच्या स्पर्धेत त्याचाही वाटा आहे. तरी आवाजाची मागणी करणारा शिक्षेबाहेर राहिला तर मागणी कमी होण्याचं कारणच उरत नाही. एका डीजेवर कारवाई झाली की पुढच्या लग्नाला दुसरा डीजे येतो, आणि कारवाई केल्याचं समाधान तेवढं कागदावर उरतं.

रंगमंचावरच्या बाईच्या बाबतीत हीच विसंगती सर्वांत क्रूर होते. दौलतजादा आणि फर्माईश या चालीत नोट टाकणाऱ्याला वाटतं, गाणं आपण विकत घेतलं. काहींना त्याहून जास्त काही विकत घेतल्यासारखं वाटतं. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याच्या गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रभर जो गदारोळ झाला, तो या दृष्टीने पुन्हा वाचायला हवा. त्यांचं नृत्य अश्लील आहे की नाही यावर ज्येष्ठ तमाशा कलावंतांपासून राजकीय पुढाऱ्यांपर्यंत सगळे बोलले. त्यांनी जाहीर माफीही मागितली. लावणीची मर्यादा काय असावी हा त्यातला खरा आणि जुना प्रश्न आहे. लावणीसाठी आयुष्य घालवलेल्या बायकांची त्यावरची कळकळ समजण्यासारखी आहे. पण मैदानाच्या आवाक्याबाहेर गर्दी कुणी बोलावली, अडथळे कुणी उभारले नाहीत, हुल्लडीला कोण जबाबदार, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. कपडे बदलतानाचं त्यांचं चोरून केलेलं चित्रीकरण २०२३ मध्ये पसरलं, तेव्हा तरी कळायला हवं होतं की कलावंत बाईला बंद, सुरक्षित खोली मिळणं ही कार्यक्रमाची पहिली अट आहे. असंघटित क्षेत्रातल्या बाईला २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे फडातल्या किती बायकांना कुणी सांगितलं असेल? कलेची मर्यादा कलावंताने सांभाळावी, हे मान्य. प्रेक्षकांची मर्यादा सांभाळणं मात्र आयोजकाचं काम आहे, आणि ते त्याच्या नावावर लिहिलं गेलं पाहिजे.

गाण्याच्या हक्कांचा वाद त्या मानाने नवा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि सरकारी समारंभ यांना सूट आहे, आणि धार्मिक विधीत लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे येतात हे तिथेच स्पष्ट केलं आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये त्याची जाहीर आठवणही दिली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये असंच परिपत्रक काढलं, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं; कायद्याचा अर्थ विस्तारण्याचं काम परिपत्रकाने करता येत नाही, हा मुद्दा होता. कायद्यातली सूट अर्थातच कायम आहे. म्हणून वरातीत वाजणाऱ्या बँडला परवाना लागत नाही, पण तिकीट लावून केलेल्या ऑर्केस्ट्राला लागतो. इथेही दोन रास्त बाजू आहेत. ‘हाई झुमकावाली पोर’सारखं अहिराणी गाणं वरातींमधून गाजतं आणि गाणं लिहिणाऱ्याला त्या वाजवण्यातून काही मिळत नाही, ही तक्रार खोटी नाही. लग्नघराने प्रत्येक गाण्याचे पैसे मोजावेत ही अपेक्षाही रास्त नाही. कायद्याने इथे रेघ ओढली आहे. ती कुठे आहे हे वाजवणाऱ्याला माहीत नसल्याने त्याला घाबरवता येतं. परवाना लागतो तिथे तो आयोजकाने काढायचा, ही एक ओळ सुपारीच्या कागदावर आली तर या वादाचा मोठा भाग संपतो.

तंटे मिटू शकतात याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. धुळ्याच्या ‘खुनी गणपती’चं नाव ज्या घटनेवरून पडलं, ती १८९५ सालची. विसर्जनाची मिरवणूक मशिदीसमोरून जाण्यावरून दंगल झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच मशिदीसमोर पुढे अनंत चतुर्दशीला पालखी आली की मुस्लिम रहिवासी फुलांनी तिचं स्वागत करतात, ही प्रथा रुजली आणि टिकली. ‘मशिदीवरून वाजत जाणं’ हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून देशभर पेटत राहिलेला प्रश्न आहे, आणि खान्देशात तो इतर ठिकाणी आजही अवघड आहे. तरी या एका जागी शांतता टिकली, तिच्यामागे नुसता चांगुलपणा असेल असं वाटत नाही. कुठे थांबायचं हे ठरलेलं आहे, कुणी सामोरं यायचं हे ठरलेलं आहे, आणि दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसं तिथे स्वतःच्या तोंडाने आणि नावाने उभी असतात. शब्द पाळला गेला नाही तर कुणाला विचारायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पालखीपुढे वाजवणाऱ्यावर तो भार टाकलेला नाही.

बाहेरच्या जगातही जे तोडगे टिकले ते याच वळणाचे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ९३ डेसिबलच्या वर जाणारा कार्यक्रम आधी कळवावा लागतो, तासाची सरासरी १०० च्या वर नेता येत नाही, आणि प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे फुकट द्यावे लागतात. ही सगळी बंधनं आयोजकावर आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नगररचनेत एक तत्त्व आणलं: जो नंतर आला, त्याने आवाज सांभाळण्याचा खर्च करायचा. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी इमारत बांधली तर भिंती जाड करणं बांधणाऱ्याचं काम. वस्तीशेजारी नवं संगीतगृह आलं तर ते काम संगीतगृहाचं. जळगाव-धुळे महामार्गालगत लॉन्स आणि मंगल कार्यालयं वाढत आहेत आणि त्यांच्या कुंपणाला लागून प्लॉट पडत आहेत. तिथे हे तत्त्व आजच लागू केलं, तर दहा वर्षांनी होणारी भांडणं आत्ताच टळतील.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मनापासूनचा आहे: आमच्याकडे सगळं शब्दावर चालतं, कागद म्हणजे अविश्वास. शब्दाची किंमत मी कमी मानत नाही. पण शब्दावर चालणारी ती जुनी व्यवस्था कुणासाठी चांगली होती, हे विचारायला हवं. ज्याच्या हाती जमीन आणि पंच होते, त्याला कागद लागत नव्हता. वाजवणाऱ्याच्या बाजूने कागद म्हणजे माणूस म्हणून बरोबरीने बसून बोलण्याचा पुरावा. शिवाय ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी घ्यावीच लागते; कागद आधीपासून आहे, त्यावर खऱ्या निर्णयकर्त्याचं नाव आणि सही येणं एवढंच बाकी आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. एखाद्या मास्तराने अटी घातल्या तर लग्नघर दुसऱ्या बँडकडे जाईल. हे अगदी खरं आहे, म्हणूनच एकट्याने अटी घालून भागणार नाही. ब्रिटनमध्ये वादकांनी १८९३ साली मँचेस्टरमध्ये संघटना उभी केली ती याच अडचणीतून, कारण एकमेकांचे दर पाडत राहिलं की सगळेच बुडतात. एरंडोल, धरणगाव, पारोळा या तालुक्यांतले बँडमालक आणि डीजेचालक हंगामाआधी एकत्र बसून किमान अटींचा एकच नमुना ठरवू शकतात. बँड आणि डीजे आज एकमेकांना वैरी समजतात. डीजेने आमची भाकरी खाल्ली म्हणणाऱ्या बँडने स्वतःच्या गाडीवर स्पीकर चढवले, आणि दोघांची आवाजाची चढाओढ दोघांच्याही मुळावर आली. आवाजाची कमाल मर्यादा दोघांनी मिळून पाळली, तर स्पर्धा पुन्हा सुरांची आणि हाताच्या कसबाची होईल. तशा स्पर्धेत चांगल्या क्लॅरिनेटवाल्याला भाव आहे.

तिसरा आक्षेप असा की एवढ्या बंधनांत आनंदच उरणार नाही, परंपरा मरेल. श्रावणात कानबाईचा जागर असो की आखाजीची गाणी, खान्देशातला आनंद स्पीकर येण्याच्या फार आधीपासून आहे आणि बायकांच्या गळ्यावर तो उभा राहिला. तमाशाच्या वगाबाबत मात्र हा आक्षेप मला बराचसा पटतो. त्याला उत्तर आहे. सत्कार आणि भाषणं कापून खेळ संध्याकाळी सातला सुरू करता येतो, तीन तासांत वगाला पूर्ण एक तास देता येतो. गावाच्या यात्रेची एक रात्र सवलतीच्या दिवसांत धरावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. त्या ठरावात मैदानाभोवतीच्या घरांची संमती असेल तर ती मागणी नुसत्या कलाप्रेमाच्या भाषणापेक्षा जड ठरेल. परंपरा टिकवायची इच्छा गावाची असेल, तर वेळेची जबाबदारीही गावानेच घ्यायला हवी.

चौथा आक्षेप पोलीस आणि तक्रारदार या दोघांकडून येतो: कायदा आहे, तो कडकपणे राबवा, वाटाघाटी कशाला? कायदा राबवलाच पाहिजे, त्यात सवलत मागण्याचं कारण नाही. पण हे नियम येऊन पंचवीस वर्षं झाली आणि गल्लीतली रात्र फारशी बदललेली नाही. शिक्षेचा नेम चुकला की कडकपणाने तो सुधारत नाही. परवानगीच्या अर्जावर यजमान किंवा कमिटीचा अध्यक्ष यांना मुख्य जबाबदार धरलं, पहिली समज आणि पहिला दंड त्यांच्या नावाने निघाला, तर ‘आखो एक’ म्हणणारा हात आपोआप मागे येईल. घरचाच माणूस त्याला आवरेल. वाजवणाऱ्यावरची कारवाई राहावी, पण त्याने स्वतः मर्यादा मोडली असेल तेव्हाच.

करायचं काय, हे इतक्या चर्चेनंतर एका पानात मावतं. वरात किंवा खेळ सुरू आणि बंद होण्याची वेळ. उशीर यजमानामुळे झाला तरी बंद होण्याची वेळ तीच आणि मोबदला पूर्ण. आवाजाची मर्यादा, आणि दवाखाना, शाळा, प्रार्थनास्थळ यांच्यासमोर शंभर मीटर शांतता. परवाना काढणाऱ्याचं नाव. कलावंतांना जेवण, पाणी, बायकांना बंद खोली आणि मंचासमोर अडथळा. वाद्य मोडलं तर भरपाई. कार्यक्रम रद्द झाला तर कोणत्या कारणाला किती पैसे परत. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या रात्री ‘बंद करा’ म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे अशा एका माणसाचं नाव आणि फोन नंबर. तो नंबर गल्लीतल्या घरांनाही आधी दिलेला असावा, म्हणजे आजाऱ्याच्या मुलाला थेट पोलिसांकडे धाव घेण्याआधी बोलायला कुणीतरी असेल. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की एक प्रत वाजवणाऱ्याकडे, एक यजमानाकडे, एक परवानगीच्या अर्जाला जोडलेली.

या पानाने मतभेद संपणार नाहीत, आणि ते संपवण्याची गरजही नाही. मित्रांना नाचायचं असणार, म्हाताऱ्याला झोपायचं असणार, मास्तरला घरी जायचं असणार. बदलेल ते एवढंच, की भांडण गर्दीसमोर रात्री दहाला होण्याऐवजी विसार देताना, दिवसाउजेडी, शुद्धीत असलेल्या माणसांत होईल. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा तारखा धरल्या जातील. ज्या घराला मुलाच्या लग्नात बँड हवा आहे आणि ज्या कमिटीला यात्रेत तमाशा हवा आहे, त्यांनी पैसे मोजण्याआधी या कागदावर आपली सही करावी. पहिली सही वाजवून घेणाऱ्याची असली पाहिजे, कारण त्या रात्रीचा निर्णय त्याचा आहे.